ट्रम्पेटची ओळ

गाण्याच्या बाबतीत विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? गाणाऱ्यावर, वाजवणाऱ्यावर, की माझ्यासारख्या वाद्यं विकणाऱ्यावर? तुम्ही विचार करून ठेवा, तोवर मी बोलतो.

द्वारका चौकाजवळ माझं वाद्यांचं दुकान. मी कुठल्या गुरूकडे शिकलेलो नाही. बिघडलेली ट्रम्पेटं खोलून खोलून ट्रम्पेट कळलं. दुकानासमोरच्या बाकावर बँडवाले बसायचे. लग्नाच्या सुपाऱ्या तिथंच, भांडणं तिथंच, चहा तिथंच. किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो, धुळीसारखे आपोआप साचतात. धूळ निदान झटकता तरी येते.

बाकावरचा मुख्य माणूस म्हणजे नानामास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँडही त्यांचाच. मुलगा दिलीप ट्रम्पेटवर, ढोलावर गफूरभाई. नानांची धाकटी सुनीता बापाचा डबा घेऊन यायची आणि गाणं संपेपर्यंत घरी जायची नाही.

* * *

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. नाना कॅसेट ऐकून गाणं बसवायचे नाहीत. पडद्यावर बघितल्याशिवाय लोक कुठं नाचणार ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नवा सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात अख्खा बँड थिएटरात, सोबत मीही. ज्यानं त्यानं आपापली ओळ पाठ करायची.

त्या वर्षी एका गवयाचा सिनेमा आला. गवई एक ओळ गातो, त्याची छोटी मुलगी पुढची ओळ गाऊन उत्तर देते. मध्यंतरानंतर ती मुलगी तापानं जाते. शेवटी बाप तेच गाणं एकटा म्हणतो. आपली ओळ म्हणतो, तिच्या ओळीपुरता गप्प राहतो, मग पुढची म्हणतो. थिएटरात नुसते हुंदके.

आणि आमचे लोक त्या गप्प जागेत तिची ओळ गुणगुणत होते, पाठ व्हावी म्हणून!

पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत मागं वळली. म्हणाली, "अहो, ती मेली आता. तिला तरी गप्प राहू द्या."

* * *

बाहेर आल्यावर गफूरभाईचा रुमाल पिळून काढण्यासारखा झाला होता. मी नानांना विचारलं, कसा वाटला?

"गाणं चांगलंय," नाना म्हणाले. "पण तो माणूस खोटा आहे, शेठ. लेकरू गेल्यावर इतकं सुरात कोण गातं?"

* * *

गाणं बसलं. बापाची ओळ क्लॅरिनेटवर, मुलीची ट्रम्पेटवर. त्या मोसमात एक वरात त्याच्याशिवाय गेली नाही. देवळाली कॅम्पात एका जवानाच्या लग्नात तर पोरं त्यावर जमिनीवर लोळली. गफूरभाई दुसऱ्या दिवशी बाकावर येऊन सांगत होता, "शेठ, मयताच्या गाण्यावर नागीण डान्स झाला."

दिलीप सुनीताला चिडवायचा, तुझ्या लग्नात बाबा आणि मी हेच वाजवणार. ती म्हणायची, ते रडकं गाणं?

"सुरुवातीचं गं. मुलगी जिवंत असतानाचं."

* * *

लासलगावचं लग्न वाजवून बँड परत येत होता. रस्त्यात कांद्याची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही. बँडचा टेम्पो तिच्यावर आदळला. बाकीच्यांना खरचटलं. दिलीप कडेला बसला होता. तो गेला.

चार दिवसांनी गफूरभाई ट्रम्पेट घेऊन दुकानात आला. काउंटरवर ठेवलं, उलटंपालटं करून दाखवलं.

"बघा शेठ. याला एक पोचासुद्धा नाही."

ते दुरुस्त करायला आणलं नव्हतं, विकायलाही नाही. तो चहा न घेता निघून गेला.

* * *

पोट आहे म्हटल्यावर बँड पुन्हा उभा राहिला, पण नानांनी दुसरा ट्रम्पेटवाला घेतला नाही. त्या गाण्याची फर्माईश आली की नाना आपली ओळ वाजवायचे आणि दिलीपच्या ओळीपुरते थांबायचे. ढोलही थांबायचा. मग पुढची ओळ.

लोकांना वाटायचं, सिनेमाचा शेवट वाजवतायत. टाळ्या पडायच्या. एक वरबाप तर नानांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मास्तर, अगदी हुबेहूब जमलंय!"

गफूरभाई त्याला सांगायला पुढं सरकला. नानांनी हात धरला. "असू दे."

मी ऐकलंय ते वाजवणं. एक सूर हलला नाही. थिएटरबाहेर ते काय म्हणाले होते, त्याची मी त्यांना कधी आठवण करून दिली नाही.

* * *

सुनीताचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आली, पण बाकावरून उठेना. शेवटी म्हणाली, "काका, बाबा वाजवतील हो. पण पूर्ण गाणं वाजवतील का? माझं लग्न आहे, दादाचं तेरावं नाही."

मी नानांकडे शब्द टाकला. ओळखीतला एक चांगला ट्रम्पेटवाला आहे, त्या दिवसापुरता घेऊ. नाना क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती पुसत बसले.

"त्या जागी दुसऱ्या कुणाचा सूर आला, तर मी हे खाली ठेवीन. परत उचलणार नाही."

मी सुनीताला तसंच सांगितलं. ती बरं म्हणाली.

* * *

लग्न देवळाली कॅम्पातल्या एका हॉलमध्ये लागलं. अक्षता पडल्या, आणि मुलीचा बाप पाहुण्यांत बसायचं सोडून बँडमध्ये जाऊन उभा राहिला. तेच गाणं धरलं. पहिली ओळ झाली आणि नाना थांबले. गफूरभाईची टिपरी वरच राहिली.

हॉलमध्ये सिनेमा पाहिलेले बरेच होते. माना खाली गेल्या. वरमाईनं पदर डोळ्याला लावला. भर लग्नात मयताची शांतता.

सुनीता स्टेजवरून उतरली. शालू सावरत, मुंडावळ्यांसकट, सरळ बँडकडे आली. वाटलं, आता गळ्यात पडून रडणार. ती रडली नाही. नानांच्या समोर उभी राहिली. त्यांची पुढच्या ओळीची वेळ झाली होती. त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं, तेवढ्यात ती बोलली.

"दादाची जागा सोडता, सोडा. माझी कुठाय यात? तुम्हाला लेकरं दोन होती, बाबा. हिशेब खरा ठेवा."