गढूळ ठरवलेली रम

सिप्रियन फौजेत दारू तपासतो, हे कळल्यावर गावी, देवबागेत, लोकांना हसायला आयतं कारण मिळालं. "माका पण लाव रे त्या कामाक," असं जो तो म्हणायचा. त्यांना काय सांगणार? सव्वीस वर्षं रसद डेपोत हा माणूस बाटल्या उजेडाकडे धरून बघत आला, सील चाचपत आला, आणि स्वतः मात्र थेंब जिभेला लावला नाही. वरच्या चौक्यांवरच्या जवानांना वाईट माल जाता कामा नये, एवढीच त्याची जिद्द.

त्या जिद्दीनेच घात केला. खिंड बर्फाने बंद व्हायला चार दिवस उरले असताना, कडाक्याच्या थंडीत अडकून पडलेल्या ट्रकमधून रमची शेवटची खेप उतरली. सिप्रियनने बाटली उजेडाला धरली. रम गढूळ. दुसरी बघितली, दहावी बघितली, सगळ्या तशाच. त्याला भेसळीचा वहीम आला आणि त्याने अख्खी खेप अडवली. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला: माल उत्तम आहे, थंडीने धूसर होतो, ऊब मिळाली की निवळतो. तोवर खिंड बंद झाली होती. डिसेंबरात खोबरेल थिजतं आणि बाटली उन्हात ठेवली की सुटतं, हे ज्याने लहानपणापासून बघितलं, त्याला एक बाटली शेगडीजवळ ठेवून बघायचं सुचू नये! आजही तो स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतो.

वरच्या चौकीवर शेजारच्या नर्मदाकाकींचा सत्यवान होता. नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने घरी फोन केला. "आये, औंदा रम येवक नाय गो. थंडी हाडांत शिरता." जानेवारीत कडा कोसळला आणि सत्यवान बर्फाखाली गेला. रमने कडा थांबला नसता, हे साहेबांनी सांगितलं, बायकोनेही सांगितलं. सिप्रियनला ते पटतं. पण पोराला शेवटी हवा होता तो घोट आपल्या सहीने अडला, हे काही केल्या त्याला गिळवत नाही.

दर म्हाळाला, पितरांचं पान वाढतात त्या दिवशी, काकी सत्यवानासाठी पेलाभर रम ठेवतात. सिप्रियन निवृत्त होऊन आल्यापासून बाटली तोच आणून देतो, आपल्या कॅन्टीनच्या कोट्यातली. आठ वर्षं आणली आणि आठही वर्षं तोंड उघडलं नाही. काकी मात्र दर खेपेला त्याला तोंडभर आशीर्वाद द्यायच्या. ते आशीर्वाद त्याला चटक्यासारखे लागायचे.

यंदा त्याला राहवलं नाही. बाटली पानाशेजारी ठेवता ठेवता तो बोलून गेला, "काकी, सत्यवानाची ती रम मियाच अडवलंय. बरी होती ती."

काकींच्या हातातली पळी तशीच राहिली. ती त्यांनी खाली ठेवली. मग त्यांनी पेला पुढे सरकवला. "भर."

सिप्रियनने रम ओतली. जन्माची सवय, पेला आपोआप उजेडाकडे गेला.

काकींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्यांचे डोळे वाहत होते.

"आता तरी तपासू नको रे, सिप्रू," त्या म्हणाल्या. "पोचांदे तेका."