उघड्या हाताने उचललेला दगड

तो दगड मी उघड्या हाताने उचलला, आणि दोष दुसऱ्यावर जाऊ दिला. हे आधीच सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायला मी गेलो होतो. आकाशातून पडलेले दगड तिथल्या बर्फात अडकतात. वाऱ्याने वरचा थर झिजला की उघडे पडतात. ते शोधायला आम्ही पाच जण रांगेने चालायचो. मला वसमतजवळच्या हट्ट्यातलं आमचं रान आठवायचं. हळद लावण्याआधी आई, मी आणि शेजारच्या बायका अशाच रांगेने दगड वेचायचो. दिसला की वाकायचं, उचलायचा, बांधावर टाकायचा.

इथला नियम उलटा. दगडाला हात लावायचा नाही, हाताचा मळ लागला की तपासणी बिघडते. शेजारी झेंडी रोवायची, फोटो काढायचा, मग चिमट्याने पिशवीत घ्यायचा.

सहाव्या दिवशी बोराएवढा काळा दगड दिसला आणि मी वाकलो. जाड हातमोज्यात तो येईना, म्हणून मोजा काढला. उचलून पँटीला पुसलासुद्धा. मग भानावर आलो. कोणी पाहत नव्हतं. दगड परत ठेवला, झेंडी रोवली आणि बाकीच्यांना बोलवायला हात वर केला.

दगड पिशवीत भरायचं काम नागपूरकडच्या एका तरुण भूवैज्ञानिकाचं होतं. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला दादा. तंबूत तपासणी करताना आमच्या तुकडीच्या प्रमुखांना दगडावर ग्रीसचा डाग दिसला. त्याच सकाळी त्याने मला गाडीच्या कामात हात दिला होता, म्हणून संशय त्याच्यावरच गेला. प्रमुखांनी त्याच्याकडून चिमटा काढून घेतला. पुढच्या मोहिमेत त्याला घेणं अवघड आहे, असंही म्हणाले. मी स्टोव्हवरचा चहा ढवळत राहिलो.

"चला दादा, आता तुमच्याच हाताखाली. पाना देत जाईन," तो हसून म्हणाला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात गावी आलो तेव्हा आई रानात दगडच वेचत होती. तिच्या शेजारी वाकलो आणि सगळं सांगितलं.

"मंग त्या लेकराला काय म्हनलास?"

"काहीच न्हाई."

"काहून? आमी आमचे दगड आमच्याच बांधावर टाकून राहिलो, अन् तू तुझा दुसऱ्याच्या रानात टाकून आलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी प्रमुखांना पत्र लिहिलं. डाग माझ्या बोटांचा आहे, दगडही जागचा थोडा हलला आहे, तेवढी नोंद दुरुस्त करा. काही दिवसांनी उत्तर आलं. नोंद बदलली होती. मला पुन्हा घेणार नव्हते, पण त्याचं नाव पुढच्या यादीत होतं. शेवटी एकच ओळ होती : त्याला आम्ही कारण कळवलेलं नाही, ते तुम्हीच सांगा. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मी पोटभर जेवलो.

मग वसमतला जाऊन स्टँडसमोरच्या एसटीडीवरून त्याला फोन लावला.

"दादा? काय, गाडी बंद पडली का कुठं?"

"गाडी बराबर आहे, साहेब. त्या दगडाला हात मी लावला होता. तुम्ही बोलणी खाल्ली आणि मी चहा ढवळत बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."