परवानगी कुणाकुणाची

माझी मावशी मोटार चालवायला शिकवते. गावातले निम्मे लोक तिची बोलणी खातच गाडी शिकलेत. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मागे न बघता गाडी काढणाऱ्याचा ती तिथल्या तिथे उद्धार करते. तीच बाई घरात पाऊल टाकलं की आवाज खाली करते. ही सवय तिला कुणी लावली ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मुलगी तेव्हा रांगत होती. मावशीच्या सासूने पोलीस ठाण्यात ऊर बडवून घेतला आणि घरी येऊन निकाल दिला, "तुझ्या तोंडाला कंटाळून गेला माझा लेक." पुढे उठता-बसता तेच. सासू अंथरुणाला खिळल्यावर मावशीने तिचं सगळं केलं आणि हेही ऐकून घेतलं. वाईट याचं, की तिला ते खरं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी सासू गेली. यंदा बुद्धाची तीर्थस्थळं फिरून आलेला, मावशीकडे गाडी शिकलेला एक जुना शिष्य मोबाइलवर फोटो दाखवत होता. त्यात एका विहाराच्या पायरीवर भिक्खूंचं चीवर पांघरलेले काका बसले होते. विहार कुठला, ते त्या शहाण्याला आठवेना.

"तुझी ती पाठीवरची सॅक दे," मावशी मला म्हणाली. "त्यांना एकच विचारायचंय. माझ्यामुळे गेलात का?"

तिला एकटी कशी सोडणार? दुसरी सॅक घेऊन मीही निघाले. कधी बसने, कधी पायी, आम्ही एकेक ठिकाण पालथं घातलं. लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालायचे, मावशी भिक्खूंचे चेहरे न्याहाळायची. एका ठिकाणी दगडात कोरलेला देखावा होता. राजपुत्र घर सोडून निघालाय, बायको झोपलीय. गाईड राजपुत्राबद्दल भरभरून बोलत राहिला. मावशी त्या झोपलेल्या बाईपाशीच उभी राहिली. "हिला उठवायला काय झालं होतं?" ती म्हणाली, आणि गाईडने आम्हाला घाईघाईने पुढच्या शिल्पाकडे नेलं.

फोटोतली पायरी शेवटी सापडली. पाहुण्यांच्या खोलीत दोन लाकडी पलंग, ओल आलेली भिंत, दारामागे नियमांची पाटी. मौन पाळा. दुपारनंतर जेवण नाही. भिक्खू स्त्रियांशी एकांतात बोलत नाहीत.

"चारचौघांत बोलू," मावशी म्हणाली.

काका सभागृहात होते. डोक्याचा गोटा, पण आवाज तोच बसका. दुसऱ्या दिवशी एका तरुणाला दीक्षा द्यायची होती, त्यातल्या प्रश्नोत्तरांची तालीम चालली होती. आम्ही मागे चटईवर बसलो.

"माणूस आहेस ना?" काकांनी विचारलं.

"हो, भंते."

"हे विचारतात ते बरं करतात," मावशी माझ्या कानात म्हणाली.

"आईवडिलांची परवानगी आहे?"

"आहे, भंते."

मावशी ताडकन उठली. "तुम्हालाही विचारलं होतं हे?"

काकांनी मान वर केली. ओळखलं. चेहरा उतरला. "हो."

"मग?"

"आई हो म्हणाली होती. त्याशिवाय दीक्षा मिळत नाही."

म्हणजे ऊर बडवणाऱ्या त्या बाईला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. मावशीच्या हातचं खात, तिच्याकडून पाय चेपून घेत, ती तिच्याच माथी खापर फोडत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि बायकोची परवानगी?"

"तो प्रश्न यात नाही."

"माझ्या तोंडाला कंटाळून गेलास का तू?" आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना अरे-तुरे केलं.

"नाही. तुझी काहीच चूक नव्हती."

"हे तुझ्या आईसमोर बोलायचं होतंस. आता काय, तिच्या फोटोला सांगू?"

मावशी काकांचा नाद सोडून त्या तरुणाकडे वळली. "तुझं लग्न झालंय?"

"हो."

"तिला काय सांगून आलास?"

त्याने खाली बघितलं. "शिबिराला जातो म्हणून."

वाटलं, आता याची खैर नाही. पण ती तशीच बाहेर पडली. खोलीत येऊन सॅकमध्ये कपडे कोंबायला लागली. एक बंद ओढताना तुटला, तर त्यालाही दोन शब्द सुनावले. थोड्या वेळाने दाराबाहेर तो तरुण येऊन उभा राहिला, आपल्या सॅकसकट.

"काकू, तुमची सकाळची बस कितीला आहे?"

"सहाला!" मावशी त्या खोलीत, मौनाच्या पाटीशेजारी, गाडीतल्या आवाजात ओरडली. "पण आधी तिला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."