कालचं पाणी

ओवरसियर साब नालीकडं बोट करून उभे व्हते. मी व्हालची चावी खांद्यावर घेऊन. मोठ्या पायपाला व्हाल असतो, चावीनं फिरवला की गल्लीतल्या नळांना पाणी सुटतं. गुलबर्ग्यात आमच्या भागाला ती चावी एकच, आन् ती माझ्याकडं. त्या सकाळी मी अजून फिरवलीच नव्हती. तरी नाली खळाळ वाहायली व्हती.

"व्हाल बंद. चावी तुझ्याकडं. मग हे पाणी कुठून आलं रे?"

उन्हाळा व्हता, तलाव तळाला गेलेला. वरच्या गल्लीत थेंब पोचत नव्हता, बाया रिकाम्या घागरी घेऊन दफ्तरात यायल्या व्हत्या. साबांना वाटलं, मी अंधारात व्हाल सोडून पाणी विकायलोय. म्हणाले, शुक्रवारपर्यंत चोर दाखव, न्हाई तर चावी ठेव. चावी गेली की भाकर गेली. आपल्याला ना लिहिता येतं ना वाचता, दुसरं काम कोण देणार?

चोर मला ठाऊकच व्हता. हाटेलवाला बसप्पा अण्णा. त्यानं गुपचूप पायप जोडला असणार. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी त्याच्या हाटेलापुढं बसलो, नालीत बोट बुडवलं आन् हुंगलं. चहाचा वास आला की धरलाच.

मागून अण्णा म्हणाला, "नालीत चहा हुडकायलास व्हय? आत ये, कपात देतो."

चहा प्यालो. संशय तसाच ठेवला.

शुक्रवारी साब पहाटेच आले आन् चावी सोताच्या हातात घेतली. तरी नाली वाहायलीच. मग आम्ही दोघं पाण्याच्या मागं मागं निघालो. अण्णाचं हाटेल अजून उघडलं नव्हतं. पुढं बघतो तर दारादारातून धार. सगळ्यात जाड धार माझ्या दारातून.

माझी बायको शेवंता भरला हंडा पालथा करायली व्हती. साबांना बघून पदर सावरला. मी इचारलं, हे काय?

"शिळं पाणी सांडायल्ये. आता नळ येईल की. तुमीच म्हणता न्हवं, मी नळखात्याचा माणूस, कालचं पाणी कामून पिऊ?"

कालच्या पाण्याचं काय व्हतं, हे मी कधी इचारलंच नव्हतं. सगळी गल्ली तेच करायली व्हती. भरलेलं सांडायचं, पुन्हा भरायचं. वर पाणी चढणार कुठून?

साबांनी इचारलं, "तलावातलं पाणी कवाचं?"

"गेल्या पावसाळ्यातलं, साब."

"आन् तुझ्या घरात एका रातीत शिळं व्हतं?"

चावी परत दिली, पण मला दारोदार सांगत फिरवलं, पाणी सांडू नका म्हणून. अण्णा हाटेलातून बघून हसायलाच. चार दिवसांत वरच्या गल्लीत पाणी चढलं.

मी मात्र शेवंताला हळूच म्हणलं, माझ्यापुरता एक तांब्या ताजा देत जा. ती व्हय म्हणाली. रोज प्यायचो आन् म्हणायचो, ताज्या पाण्याची चवच निराळी.

मग एकदा पायप फुटला. सकाळी व्हाल मीच बंद ठेवला, नळ आलाच न्हाई. घरी आलो, तांब्या आला. प्यालो, आन् तेच म्हणलो.

शेवंता तांब्या तेवढा घेऊन गेली.