मी पास केलेली शिगराम

"मिस्त्री, गाडी तपासताय की मोडताय?" डॉक्टरांनी वरून विचारलं.

मी कल्याणला त्यांच्या अंगणात, त्यांच्याच शिगरामखाली उताणा पडलो होतो. उत्तर देण्याच्या परिस्थितीत नव्हतो. नट सैल करायला पाना लावला, तर नटासकट बोल्टाचा तुकडा माझ्या हातात आला होता. वरचं डोकं वर, खालचा नट खाली, आणि मधला बोल्ट गायब. दुसऱ्याला पाना लावला. तोही तसाच.

शिगराम म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. चार चाकांची, एका घोड्याची, झिलमिलीच्या म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या दारांची बंद गाडी. फार मोठी नाही, फार लहान नाही. दोन मोठी माणसं आणि तीन-चार पोरं बसली की भरली. ज्या घरच्या बायकांना उघड्या टांग्यातून न्यायचं नाही, पण ज्यांना साहेबी थाटाची बग्गी परवडत नाही, अशा घरांची ही गाडी. वकील, डॉक्टर, मामलेदार यांच्या दारात दिसायची. ठाण्याला खाडीजवळ आमचा गाड्यांचा कारखाना होता. नव्या गाड्या बनवायचो, जुन्या दुरुस्त करायचो, आणि कुणाला जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर ती तपासून सर्टिफिकेट द्यायचो. सर्टिफिकेटवर सही माझी. कागदावर मी एस्टिमेटर, लोकांच्या तोंडी मिस्त्री.

त्या दिवशी मी आलो होतो यशोदाबाईंच्या वतीने. बाई ठाण्याला तळ्याजवळ मुलींची शाळा चालवायच्या. त्यांच्याकडे एक शिगराम होतीच. सकाळी सहा मुलींना घरून आणायची, संध्याकाळी घरी सोडायची. शाळेत येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींचे बाप एकाच अटीवर तयार झालेले होते. मुलगी रस्त्यावर दिसता कामा नये. गाडी बंद हवी, सोबत बाईमाणूस हवं. आणखी पाच मुली यायला तयार होत्या, म्हणून दुसरी शिगराम हवी होती. डॉक्टरांची बदली झाली होती, ते आपली विकत होते.

डॉक्टरांनी आल्याआल्या मला एक कागद दाखवला होता. माझंच सर्टिफिकेट. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा मीच पास केली होती. "तुमचीच सही आहे, मग परत काय बघायचं?" ते हसून म्हणाले होते. मलाही जरा अभिमान वाटला होता. चाकं बघितली, आरे घट्ट. चाकांवरची लोखंडी धाव नीट बसलेली. आस सरळ. रंग तर असा की तोंड दिसावं. मग सवयीने बोल्टांवर हातोडी टिचकावली. चांगला बोल्ट खणखणतो. हे बोल्ट ठप्प बोलले.

गाडीचा डबा दोन आडव्या लाकडांवर बसतो, ती लाकडं स्प्रिंगांवर. डबा आणि लाकूड यांना धरून ठेवायला आठ बोल्ट. ते गेले की डब्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. सपाट रस्त्यावर वर्षभरही चालेल. उतारावर घोडा बिचकला तर डबा एकीकडे आणि चाकं दुसरीकडे.

मी बाहेर आलो. हातातला तुकडा डॉक्टरांना दाखवला. भोकात बोट घातलं तर पांढरा भुगा निघाला. जिभेला लावला. खारट.

"डॉक्टरसाहेब, या गाडीतून मीठ कधी वाहिलं?"

"काय?"

"मीठ. गोण्या भरून. असं लोखंड मिठाशिवाय सडत नाही."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "अहो, माझ्या गाडीत माझी बायको बसते, मुलं बसतात. मी डॉक्टर आहे, मिठाचा व्यापारी नाही!"

"मग तुमच्या नकळत कुणी वाहिलं असेल," मी म्हणालो, आणि त्यांच्या गाडीवानाकडे बघितलं. धर्मा त्याचं नाव. कोलशेतकडचा आगरी, पन्नाशीचा माणूस. तो घोड्याला खरारा करत होता. मी पुरता पोलीस होऊन त्याला दरडावलं, "बोल रे, कुणाचं मीठ भरलंस यात?"

धर्माने खरारा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं.

"साएब, मीठ तं तुमीच भरलंलं."

"मी?"

"मी गारी नेवाला कारखान्यान आलेलू ना, तवा आठ गोनी भायेर काडल्या तुमचे मानसांनी. खाली पानी गललेला. मी बगत उभा होतू."

 मी हातातला तुकडा घेऊन पायरीवर बसलो.

हे सांगायला हवं. गाडी पास करताना मी स्प्रिंगांची टेस्ट घ्यायचो. माणसांनी भरलेल्या गाडीएवढं वजन आत ठेवायचं, जमिनीपासून डब्याची उंची मोजायची, दुसऱ्या दिवशी परत मोजायची. स्प्रिंग दबून बसली असेल तर कळतं. माझ्या आधीचे मिस्त्री वाळूच्या गोण्या वापरायचे. त्या भरा, तोला, परत रिकाम्या करा. मला ते अडाणी काम वाटायचं. कारखान्याच्या मागेच बंदर. मिठागरांचं मीठ तिथे उतरायचं, आणि प्रत्येक गोण सरकारी माणसाने तोललेली. वजन पक्कं. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आठ गोण्या आणायच्या, टेस्ट झाली की परत द्यायच्या. ही युक्ती माझी. कारखान्याचे मालक शेठजी, त्यांनी त्यावर माझी पाठ थोपटली होती. ताजं मीठ ओलं असतं, त्यातून रात्रभर पाणी गळतं, ते फळ्यांच्या फटींतून लाकडात मुरतं आणि लाकडाच्या पोटात बोल्ट असतो, हे मला सुचलं नाही. मी सकाळी कोरड्या फडक्याने डब्याचा तळ पुसून घ्यायचो आणि सर्टिफिकेटवर सही करायचो. जी गाडी धडधाकट आली, तिला मी रोग लावून पास करत होतो.

"तुला माहीत होतं?" मी धर्माला विचारलं.

"आमचे मिठाचे आगरान लोखंडाची वस्तू ठेवीत नाय. फावरापन लाकराचा. मीठ लोखंडाला खातं, ह्ये आमचे बारक्या पोरांनापन ठाव."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमी मोठे कारीगर. मना वाटला, तुमचा काय तरी हिशेब असंल."

डॉक्टरांनी ते सर्टिफिकेट घडी करून माझ्या हातात दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट आठवली. बाईंच्या शाळेची शिगराम. तीही मीच पास केलेली, डॉक्टरांच्या गाडीच्या वर्षभर आधी. ती रोज दोन वेळा धावत होती, सहा मुली घेऊन.

पाना आणि हातोडी उचलली आणि स्टेशनकडे पळत सुटलो. ठाण्याची आगगाडी उशिरा आली. डब्यात बसून मी एकच करत होतो, त्या शिगरामचा रस्ता मनात चालून बघत होतो. तळ्याचा काठ, चरई, मग कोलशेतचा रस्ता. त्या रस्त्याला एका ओढ्याजवळ चांगला उतार आहे.

शाळेपाशी पोचलो तेव्हा शाळा सुटून शिगराम निघाली होती. मी घोड्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो. गाडीवान ओरडला, घोडा थांबला.

"मुलींना उतरव."

"रस्त्यात?"

"आत्ता!"

झिलमिलीचं दार उघडलं. सहा मुली, आठ-दहा वर्षांच्या, पाटीदप्तर छातीशी धरून भर रस्त्यात उतरल्या. पाठोपाठ त्यांच्या सोबतची म्हातारी. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. यशोदाबाई शाळेतून धावत आल्या.

"मिस्त्री, हे काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. माझी चूक, मीठ, बोल्ट. बाईंनी ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज गुरुवार. शनिवारी दुपारी गाडी कारखान्यात घ्या. कुणाला कळायला नको. तोवर हळू चालवू."

"बाई, ती आज मोडेल की वर्षाने, मला सांगता येणार नाही."

"ती मोडली तर एक अपघात होईल. बंद पडली तर शाळा बंद पडेल. तुम्हाला माहीत नाही, या सहाजणींसाठी मी किती उंबरे झिजवलेत."

मी गाडीखाली गेलो. पाना लावला. मागच्या चार बोल्टांपैकी तीन तुटून सरळ हातात आले. ते मी बाईंच्या ओंजळीत ठेवले. गंजून ते काडीएवढे झाले होते. बाईंनी ते एकेक करून बघितले.

"चला गं मुलींनो," त्या म्हणाल्या. "आज पायी जायचं."

पाचजणी जवळच्या होत्या. बाई स्वतः त्यांना घेऊन बाजारातून चालत निघाल्या. ठाण्याने असं दृश्य बघितलं नव्हतं. दुकानदार उभे राहिले. कुणीतरी हसलं. बाईंनी मान वळवली नाही.

सहावी दुर्गा. तिचं घर कोलशेतला, दोन कोस लांब. वडील मीठ खात्यात कारकून. तिच्यासाठी मी टांगा केला. ती आणि म्हातारी मागे, मी पुढे. दुर्गा रस्ताभर उघड्या डोळ्यांनी सगळं बघत होती. झिलमिलीतून तिला हा रस्ता कधी धड दिसला नव्हता. "ही खाडी एवढी मोठी आहे?" तिने विचारलं. आणि मग, "उद्या पण टांगा येईल का?" मी म्हणालो, बघू.

तिचे वडील ओसरीवर उभे होते. उघड्या टांग्यातून, परक्या पुरुषाबरोबर मुलगी उतरली. शेजारची दोन माणसं बघत होती. मी सगळं सांगितलं. सही माझी, चूक माझी, बाईंचा दोष नाही, तीन आठवड्यांत गाडी नवी करून देतो.

त्यांनी आवाज चढवला नाही. मला पाणी दिलं. "मुलगी सुखरूप आणलीत, उपकार झाले," म्हणाले. मग दुर्गाला म्हणाले, "पाटी आत ठेव."

"उद्या बाई स्वतः येतील," मी म्हणालो.

"नको. उद्यापासून नको."

"पण चूक माझी आहे हो!"

"ती कुणाची, हे मी गावाला दारोदार सांगत फिरू का?"

मी परत टांग्यात बसलो.

दुसऱ्या दिवशी शेठजींसमोर उभा राहिलो. नोकरी गेलीच असं धरून चाललो होतो. शेठजींनी बोल्ट टेबलावर ठेवून उलटसुलट करून बघितले. "किती गाड्या?" एवढंच विचारलं. मी रजिस्टर पुढे केलं. "सगळ्या परत बोलाव. बोल्ट बदल, लाकूड बदल. आणि प्रत्येक घरी तू स्वतः जा, कारण तोंडाने सांगायचं." मी गेलो. कल्याण, मोहने, ठाणे. ज्या दारात मला मान देऊन बसवलं होतं, त्या दारात उभ्याउभ्याने सांगितलं. बहुतेक गाड्यांचे बोल्ट सडलेले निघाले. सुदैवाने एकही मोडलेली नव्हती. लोक माझ्याकडे कसे बघायचे ते लिहीत नाही.

शाळेत पुढचे तीन आठवडे पाच मुली रोज चालत आल्या. बाईंना स्वतःलाच विश्वास बसेना. शिगराम तयार झाली, तेव्हा त्यांच्यातल्या दोघींनी आत बसायला नकार दिला. चालत जायला मजा येते म्हणाल्या.

मी नवी केलेली शिगराम घेऊन स्वतः कोलशेतला गेलो. सोबत धर्मा होता. डॉक्टर बदलीच्या गावी गेल्यावर मी त्याला आमच्या कारखान्यात लावून घेतलं होतं. दुर्गाचे वडील ओसरीवरच भेटले. गाडीला फेरी मारून बघितलं, बोल्टांवर हातोडीही टिचकावून घेतली. "काम चांगलं केलंत," म्हणाले. "पण आता उपयोग नाही. मागच्या आठवड्यात दुर्गाचं लग्न ठरलं. मुलगी रस्त्यावर दिसली, लोक काही बोलू लागायच्या आधी उरकून टाकलेलं बरं."

आतल्या दाराशी दुर्गा उभी होती. तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ती आत गेली.

त्यानंतर मी वीस वर्षं गाड्या पास केल्या. वजनाला कोरडी वाळू वापरली. सही करायच्या आधी गाडीवानाला विचारायचो, घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारायचो, झाडणाऱ्या बाईलाही विचारायचो, की तुला यात काही वावगं दिसतंय का. लोक हसायचे. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, पण त्याची किंमत दहा वर्षांच्या एका मुलीने भरली.