रिकाम्या गाडीचं वजन

१८ डिसेंबर, नऊ हजार सातशे वीस रुपये. एवढे मोजून क्विंटलने चार इंजेक्शनांचं खोकं घेतलं, बर्फाच्या पिशवीत घातलं आणि छातीशी धरून बसने घरी आणलं. दर रविवारी एक, पोटावर टोचायचं. भूक मरते, वजन उतरतं. ही हौस नव्हती. त्याच्या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, त्याची किडनी तिला जुळत होती, आणि हॉस्पिटलच्या किडनी विभागाने स्वच्छ सांगितलं होतं की देणाऱ्याचं वजन शहाण्णव किलोच्या आत हवं. त्याचं एकशे बारा किलो तीनशे ग्रॅम भरलं होतं.

क्विंटल हे ट्रकवाल्यांनी ठेवलेलं नाव. सत्तावीस वर्षं तो गाडीकाट्यावर कामाला होता. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आकडा येतो, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, उरेल तो निव्वळ माल. रोजच्या गाड्यांचं रिकामं वजन दर खेपेला घेत नाहीत. एकदा घ्यायचं, वहीत लिहायचं, मग वर्षभर तेच वजा करत राहायचं. माल विकत घेऊन नेणारे काही बिलंदर ड्रायव्हर त्या एका दिवशी गाडीत जादा चाक आणि साखळ्या टाकून आणत, नंतर गुपचूप काढून ठेवत. माल कागदावर कमी भरे आणि पैसे वाचत. अशा किती तरी जणांना क्विंटलने नुसत्या नजरेने पकडलं होतं.

दोघं भावंडं ताईच्या शिवणाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. त्याचं लग्न झालं नव्हतं, तिचं होऊन मोडलं होतं. आठवड्यातून तीनदा तो तिला डायलिसिसला नेई. मशीनला जोडायची नळी तिच्या मानेत बसवलेली होती आणि त्यावर ती ब्लाउजच्याच उरलेल्या कापडाचा रुमाल बांधी.

पहिले दोन महिने हाल झाले. सकाळी मळमळ, दुपारी करपट ढेकर, अर्ध्या ताटावर घास घशाशी यायचा. वजनाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं बांधून दिलं होतं : आधी अंडी आणि कडधान्य, मग भाजी, भात शेवटी आणि मूठभर. चहा बिनसाखरेचा. रोज पाऊण तास चालणं. रात्री दहाला आडवं व्हायचं. तो काट्याभोवती फेऱ्या मारी आणि ट्रकवाले काचा खाली करून ओरडत.

"क्विंटलशेठ, डिझेल संपलं का? ढकलू?"

"तू तुझी गाडी सरळ लाव आधी."

पँटी ढिल्या झाल्या. ताईने पहिली आवळली आणि हात पुढे केला. "साठ रुपये."

"भावाकडून घेतेस?"

"भाऊ असलास म्हणून दोरा फुकट येत नाही, गोण्या. आणि आत कापड ठेवलंय. पुन्हा सुटलास तर उसवता येईल."

गोण्या हे लहानपणीचं नाव. तिच्याशिवाय आता कुणी घेत नसे.

मार्चपर्यंत त्याची सगळी रजा डायलिसिसमध्ये संपली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बसने चार तासांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग वजन तिथेच घ्या आणि दर पंधरवड्याला फोनवर कळवा. पण नीट घ्या हं."

वजन नीट घ्या, हे त्याला सांगायची गरज नव्हती. घरगुती काट्यांना तो पत्र्याची खेळणी म्हणे. काट्यावरच्या केबिनमध्ये गोणी मोजायचा छोटा काटा होता, सरकारी शिक्का मारलेला. अडचण एवढीच की केबिनला तिन्ही बाजूंनी काचा, तिथे कपडे काढणार कसे? त्यावर त्याने डिसेंबरातच तोड काढली होती. स्वेटर, जाड पँट, लोखंडी टोपणाचे बूट, पट्टा आणि किल्ल्यांचा जुडगा यांचं गाठोडं बांधून त्याने एकदा मोजलं. चार किलो शंभर ग्रॅम. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : रिकामी – ४.१. त्यानंतर दर वेळी काट्यावर उभं राहायचं, चार किलो शंभर वजा करायचे आणि निव्वळ लिहायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात निव्वळ नव्याण्णव किलो सहाशे आलं. त्याने दहा ट्रकवाल्यांना चहा पाजला.

"आता नाव काय ठेवायचं तुमचं?" एकजण म्हणाला. "पाऊण क्विंटल?"

"पाऊण व्हायला वेळ आहे. शहाण्णव झालं की पुरे."

त्याच आठवड्यात त्याने फोन केला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "छान उतरतंय. डोस वाढवणार होते, पण गरज दिसत नाही. वाढवला की उलट्या वाढतात. आहे तोच ठेवू." त्याच हिशेबाने चोवीस जुलै ही ऑपरेशनची तारीख मिळाली. ताईने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की ऑगस्टभर दुकान बंद.

चोवीस जुलैच्या सकाळी दोघांना दोन वॉर्डांत नेलं. क्विंटलच्या अंगावर हॉस्पिटलचा पातळ झगा चढवला, पाय अनवाणी, आणि नर्सने त्याला काट्यावर उभं केलं. तो हसत उभा राहिला. पंचाण्णव किलो चारशे, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आकडा आला अठ्ठ्याण्णव किलो तीनशे.

"काटा चुकतोय," तो म्हणाला.

नर्सने दुसरा काटा आणला. अठ्ठ्याण्णव तीनशे. मग तिसरा.

तो आकड्याकडे बघत राहिला आणि त्याची नजर स्वतःच्या उघड्या पायांवर गेली. स्वेटर फेब्रुवारीतच पेटीत गेला होता. बूट एप्रिलमध्ये सुटले, उकाड्यात चपला आल्या. जाड पँट ताईने आवळून ठेवली होती, तो सुती घालत होता. अंगावर सव्वा किलोसुद्धा नसेल, आणि तो दर वेळी चार किलो शंभर वजा करत होता. मेमध्ये चहा पाजला तेव्हा तो अजून एकशे दोन किलो पाचशेचा होता.

किडनी विभागाचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. "दोन किलो तीनशेसाठी अडवतोय असं वाटेल तुम्हाला. पण मर्यादा आम्ही तुमच्यासाठी आधीच चौऱ्याण्णववरून शहाण्णव केली होती. टेबलावर तुम्हाला काही झालं तर एकाच्या जागी दोघं जातील. सात सप्टेंबर देतो."

फोनवर डॉक्टरीणबाईंनी सगळा हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "मी तुमच्या आकड्यावर डोस ठरवत होते. खरा आकडा असता तर मेमध्येच वाढवला असता." त्यांनी डोस वाढवला.

ताई परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. त्याने सगळं सांगितलं, गाठोड्यापासून.

"म्हणजे," ती म्हणाली, "भर उन्हाळ्यात तू स्वेटर घालून हिंडत होतास!" आणि ती हसली, खोकला येईपर्यंत हसली.

"ताई, मी ट्रकवाल्यांच्या चोऱ्या पकडतो."

"पकडतोस ना. मग झालं." तिने मानेवरचा रुमाल सारखा केला. "सहा आठवडे. मशीनवर दोन वर्षं काढली, सहा आठवड्यांचं काय घेऊन बसलास?"

वाढीव डोसने त्याला खरंच उलट्या झाल्या. तरी तो अंडी गिळे आणि चालायला जाई. वजन आता तो दुकानामागच्या खोलीत, दार लावून, उघड्या अंगाने घेई. गोणीकाटा मालकाकडून रविवारपुरता मागून आणलेला असे. ताई बाहेरून विचारी, "किती?" आणि तो आकडा सांगे. सत्त्याण्णव चारशे. शहाण्णव नऊशे.

अठरा ऑगस्टला ताईला थंडी वाजून ताप आला. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. डॉक्टरांनी नळी बदलली, औषधं चढवली. ताईने त्याला जवळ बोलावून विचारलं, "आज किती?"

"शहाण्णव दोनशे."

"दोनशे ग्रॅमच की रे," ती म्हणाली. एकवीस ऑगस्टला सकाळी ती गेली.

पुढच्या रविवारी सवयीने त्याने दार लावलं आणि काट्यावर उभा राहिला. पंचाण्णव किलो आठशे. त्याने ते वहीत लिहिलं आणि काटा मालकाला परत नेऊन दिला. खोक्यात दोन इंजेक्शनं उरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घेत राहा, तुमच्याही तब्येतीसाठी आहे. त्याने बरं म्हटलं.

शिवणयंत्रावर त्याची चौथी पँट आवळून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली होती. तिचे साठ रुपये द्यायचे राहिले आहेत.