आपांची सकाळची फेरी

सांगलीच्या आमच्या ऑफिसात सपोर्टचे फोन घेणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणत. त्या माधवनगरच्या. घरात सासरे आणि नवरा दोघंही यंत्रमागावरचे कामगार. यांनी मुलं मोठी झाल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्याकडे नोकरीला लागल्या. वयानं मी लहान, पण प्रोग्रामर म्हणून वरचा, त्यामुळं त्या मला सर म्हणायच्या.

आमचं सॉफ्टवेअर द्राक्षबागायतदार आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी होतं. वेबवर चालायचं आणि वाढत वाढत त्याची पानं शेकड्यांवर गेली होती. प्रत्येक पानाचा साचा सर्व्हरवर ठेवलेला असे. कुणी पान मागितलं की सर्व्हर आधी त्या साच्याचा कोड तयार करी, मग पान दाखवी. एकदा तयार झालेला कोड पुढच्या सगळ्यांना उपयोगी पडे. पण दर पंधरवड्याला आम्ही नवी आवृत्ती चढवली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एखादं मोठं पान पहिल्यांदा उघडायला अर्धं मिनिट खायचं. तक्रारी मात्र फारशा यायच्या नाहीत, म्हणून मी निवांत होतो.

एकदा सर्व्हरच्या नोंदी चाळताना मला काहीतरी विचित्र दिसलं. प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर दुसऱ्या सकाळी सातच्या सुमाराला एक चाचणी खातं आत शिरायचं आणि ओळीनं सगळी पानं उघडत जायचं. हे माणसाचं काम नाही, कुणीतरी माहिती चोरतंय, असं मला वाटलं. मी कुणाला न विचारता ते खातं बंद केलं.

पुढची आवृत्ती चढली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ऑफिसात पोचलो, तर फोन थांबत नव्हते. एक फोन मीच उचलला. तासगावचे एक कोल्ड स्टोरेजवाले होते.

"आवं साहेब, दारात ट्रॅक्टर उभं हायत आन् तुमचं पान उघडंना!"

फोन ठेवतोय तोवर आपा समोर आल्या. चेहरा उतरलेला.

"सर, सकाळपासनं मला आत जाताच येईना. आज माझी फेरी ऱ्हायली."

"कसली फेरी?"

"नवं चढवलं की जो पयल्यांदा पान उघडतो, त्याला लय थांबावं लागतं. दुसऱ्याला न्हाई. मग म्हटलं, पयला माणूस मीच होते. लोक कामाला लागायच्या आत सगळी पानं उघडून ठेवते."

त्यांनी वही पुढं केली. पानांची नावं, समोर बरोबरच्या खुणा. हे त्या वर्षभर करत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही बोलून दाखवलं नव्हतं. खातं मीच बंद केल्याचं सांगताना माझा आवाज बारीक झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमाला तरी काय ठाऊक!"

खरं तर ठाऊक असायला हवं होतं. नवी आवृत्ती बांधतानाच सगळ्या साच्यांचा कोड करून ठेवता येतो, हे मला कधीचं माहीत होतं. बांधणीला जास्त वेळ लागेल म्हणून मी ते टाळत आलो होतो. त्याच दिवशी बसलो. पहिलीच बांधणी मोडली. तीन साच्यांत चुका निघाल्या. त्यातल्या दोन पानांपुढं आपांच्या वहीत फुली होती. त्यांनी कळवलंही होतं, पण आमच्यापैकी कुणी लक्ष दिलं नव्हतं. तिसरं पान त्यांच्या खात्याला दिसायचंच नाही, नाहीतर तेही सुटलं नसतं.

पुढच्या आवृत्तीला मी सातलाच ऑफिसात गेलो. आपा बसलेल्याच होत्या. एकेक पान उघडत गेल्या. हात लावला की पान समोर. वीसेक पानं झाल्यावर त्यांनी माऊस सोडला आणि हसल्या.

"झ्याक झालं की, सर!"

मला वाटलं होतं, आता त्या सकाळी आरामात येतील. त्यांनी दुसरंच मागितलं. आठवड्यातून एक दिवस एसटीनं तासगावला जायची परवानगी. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात कारकुनाशेजारी बसून त्या तो काम कसं करतो ते पाहू लागल्या. पहिल्याच फेरीहून परतल्या आणि मला म्हणाल्या, "सर, बेदाण्यानं हात चिकट असत्यात त्यांचे. आपली बटणं लय बारकी हायत. मोठी करा."

त्याच आठवड्यात केली.